हलाल कमाई आणि स्वावलंबन : मिरजेचा कारखाना, साताऱ्याचे वसतिगृह

शाळकरी मुलांना धंदा शिकवता शिकवता त्यांच्या अंगी धार्मिक वळणाचे चारित्र्य बाणवावे, हा विचार आज इंडोनेशियातील पेसांत्रेन, म्हणजे मुस्लिम निवासी विद्यालये, आणि इतर मुस्लिम देशांतील शिक्षणतज्ज्ञ मोठ्या हिरिरीने मांडताना दिसतात आणि त्याला ‘उद्योजकता शिक्षण’ असे नव्या काळाचे नावही मिळाले आहे. कृष्णा, कोयना आणि वारणा या नद्यांच्या खोऱ्यांत हा विचार निदान दीडशे वर्षे व्यवहारात वावरत आला आहे, मात्र त्याला तेथे नाव नव्हते आणि त्याचा अभ्यासक्रमही कोणी लिहून ठेवला नव्हता. ब्रिटिश अमदानीत या मुलखाचा मोठा भाग एकाच सातारा जिल्ह्यात मोडत असे आणि त्याच्या अधेमधे औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशी लहानमोठी संस्थाने पसरलेली होती. संस्थानांचे विलीनीकरण झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला आणि पुढे त्यालाच सांगली हे नाव मिळाले. धंद्यातून माणूस घडवण्याच्या दोन वेगवेगळ्या रीती या एका मुलखात शेजारी शेजारी वाढल्या. त्यांतील एक मिरजेच्या सतारमेकरांच्या कारखान्यात, म्हणजे मुस्लिम कारागीर घराण्यांत जोपासली गेली, तर दुसरी साताऱ्याच्या वसतिगृहात, सर्व जातिधर्मांच्या मुलांच्या एकत्र पंगतीत उभी राहिली. पहिलीत धर्म कामाच्या आत होता आणि दुसरीत काम सर्वांचे व धर्म ज्याचा त्याचा होता. या दोन रीतींचे बळ आणि उणिवा एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्यावाचून या भागातील शिक्षणाचा इतिहास पुरता कळत नाही.

या मुलखातील मुस्लिम समाज मुख्यतः कसबांवर उभा राहिलेला समाज आहे आणि त्याची आडनावेच त्याची साक्ष देतात. शिकलगार शस्त्रांना धार लावत व लोखंडकाम करत, आतार अत्तर आणि सुगंधी द्रव्ये विकत, बागवान फळे व भाजीपाल्याचा व्यापार करत, तांबोळी पानसुपारीचे दुकान थाटत, मोमीन विणकाम करत, नदाफ किंवा पिंजारी कापूस पिंजत, मणेर बांगड्या भरत आणि गावगाड्यातील मुलाणी बकरे हलाल करून त्याबद्दल बलुत्याचा वाटा घेत असे. घरात दखनी आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या या समाजातील मुलगा मशिदीतील मुल्लाजींकडे अरबी अक्षरे आणि कुराणाचे पठण शिकत असे. परंतु मक्तबातील, म्हणजे धर्मशिक्षणाच्या प्राथमिक वर्गातील, ही शिकवण बहुधा पठणापुरती राहत असे. खरे बोलावे, मापात मारू नये, दुसऱ्याच्या मालाला हात लावू नये, उधारीचा शब्द पाळावा, या गोष्टी तो ज्या ठिकाणी शिकत असे ते ठिकाण म्हणजे बापाचे किंवा चुलत्याचे दुकान. चारित्र्याची शाळा आणि पोटाची शाळा तेथे एकच होती, आणि म्हणूनच इतिहासकारांनी तिची शाळा म्हणून फारशी दखल घेतली नाही.

या व्यवहारामागे इस्लामी परंपरेतील एक पक्की धारणा आहे. ‘कसब’ म्हणजे कमाई आणि ‘हलाल’ म्हणजे धर्माने वैध ठरवलेले. हलाल कमाई ही नमाज-रोजासारख्या उपासनेला जोडून येणारी जबाबदारी मानली जाते. प्रेषित दाऊद हे स्वतःच्या हातच्या कामावर जगत, असे हदीस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रेषित मुहंमदांच्या वचनांच्या संग्रहांत सांगितले आहे आणि कुराणातही दाऊदांसाठी लोखंड मऊ करून त्यांना चिलखते बनवण्यास सांगितल्याचा उल्लेख आहे, त्यामुळे लोखंडकाम करणाऱ्या जमाती त्यांना आपले आद्य गुरू समजतात. हदीसमधील आणखी एक प्रसंग व्यापाऱ्यांना नेहमी सांगितला जातो : बाजारातील धान्याच्या राशीत प्रेषितांनी हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले, आणि ओले धान्य गिऱ्हाइकाला दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. मालातील दोष झाकून विकणे हा इस्लामी धर्मशास्त्रात निव्वळ व्यवहारातला लबाडपणा राहत नाही, तो गुन्हा होतो. असा दोष उघड झाल्यास सौदा मोडण्याचा हक्क गिऱ्हाइकाला असतो. माप कमी देणाऱ्यांच्या निषेधाने कुराणातील एका संपूर्ण अध्यायाची सुरुवात होते, आणि मुसलमानी राजवटींत वजनमापांवर देखरेख करणारा मुहतसिब नावाचा अधिकारीही नेमला जात असे.

मध्य आशियापासून उत्तर हिंदुस्थानापर्यंतच्या कारागिरांत ही धारणा ‘कसबनामा’ नावाच्या छोट्या पोथ्यांतून शिकवली जाई. न्हावी, विणकर, लोहार अशा एकेका धंद्यासाठी वेगळी पोथी असे आणि तिची मांडणी प्रश्नोत्तरांची असे : या धंद्याचा पहिला पीर कोण, हत्यार हाती घेताना कोणती आयत म्हणावी, काम संपवताना कोणती. एकोणिसाव्या शतकात छापखाने आल्यावर अशा पोथ्या उर्दूतही निघाल्या. शागिर्दाने हत्यार चालवण्याआधी हत्याराचा आदर शिकावा, हा त्यांचा हेतू होता. मिरजेच्या परंपरेत हे ज्ञान पोथीपेक्षा तोंडी आणि हातोहात उतरले. मात्र त्यातली कल्पना, म्हणजे कामाला बसणे ही एक प्रकारची इबादत, अर्थात उपासना, आहे ही समजूत, त्याच जातीची आहे.

मिरजेतील तंतुवाद्यांच्या धंद्याचा उगमच एका धंद्याच्या मरणात आहे. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, साताऱ्याचे छत्रपतींचे राज्य लॉर्ड डलहौसीने १८४८ मध्ये खालसा केले, संस्थानिकांच्या फौजा मोडीत निघाल्या आणि तलवारी-भाल्यांना धार लावून जगणाऱ्या शिकलगारांच्या हातांना काम उरले नाही. या सुमारास, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, मिरजेतील फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या शिकलगार बंधूंनी तंतुवाद्यांची दुरुस्ती आणि पुढे नवी वाद्ये घडवण्याचे काम हाती घेतले, असे तेथील परंपरा सांगते, आणि त्यांच्या वंशजांनी ‘सतारमेकर’ हेच आडनाव धारण केले. मिरजेचे पटवर्धन संस्थानिक संगीताचे आश्रयदाते होते, दरबारी गवय्यांचे तंबोरे दुरुस्तीला येत होते आणि पोलादाशी झुंजलेल्या हातांना लाकूड व तार यांची नजाकत शिकून घ्यावी लागली. आज ज्याला जोखीम पत्करून नवा धंदा उभारणे म्हणतात, ते नेमके हेच होते. फरक इतकाच, की येथे भांडवलाच्या जागी हाताचे कौशल्य होते आणि बाजारपेठेच्या जागी दरबाराची मेहेरबानी.

या कारागिरीची रीत थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण चारित्र्याचा प्रश्न तिच्या तपशिलातच दडलेला आहे. तंबोरा किंवा सतार यांचा खालचा फुगीर भाग कडू भोपळ्याचा असतो आणि त्यासाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूरच्या आसपास, भीमेच्या काठच्या शेतांत पिकवले जातात. भोपळा पुरता पक्व होऊन वाळावा लागतो, मग तो कापून आतून साफ करतात व त्यावर लाकडाची पातळ तबली बसवतात. वरचा लांब दांडा तुनाच्या लाकडाचा असतो आणि दांडा व भोपळा जोडणाऱ्या भागाला गुलू म्हणतात. त्यानंतर खुंट्या, नक्षीची पाने, लाखेचे रंगकाम, सतारीला पडदे, आणि सर्वांत शेवटी घोडी, म्हणजे तारा ज्या सपाट तुकड्यावर टेकतात तो हाडाचा किंवा लाकडाचा भाग. या घोडीचा पृष्ठभाग कानसीने इतका सूक्ष्म घासावा लागतो, की तार तिच्यावर टेकूनही मोकळी झणकारत राहावी. या कामाला जवारी काढणे म्हणतात. जवारीला माप नाही, मोजपट्टी नाही, केवळ कान आहे, त्यामुळे ती शिकवता येत नाही असे म्हणण्याइतकी ती शिकायला वेळ घेते.

आता या कामातील प्रामाणिकपणाची परीक्षा कोठे होते, हे ध्यानात येईल. लाकूड पुरते वाळलेले नसेल तर दांडा वर्षा-दोन वर्षांनी वाकतो; भोपळ्याला बारीक चीर असेल तर ती भरून वर लाखेचा रंग चढवता येतो; आणि वाद्य विकत घेणाऱ्या गवयाला, मग तो कितीही मोठा असो, विकत घेण्याच्या दिवशी यांपैकी काहीही दिसत नाही. राशीतल्या ओल्या धान्याचा जो प्रश्न हदीसमध्ये आहे, तोच प्रश्न येथे रंगाखाली झाकलेल्या चिरेचा आहे, आणि त्याचे उत्तर केवळ कारागिराच्या मनात असते. म्हणून या धंद्यात मुलाला शिकवण्याचा क्रमही सावकाश ठेवावा लागे : आधी झाडलोट, सरस ढवळणे, भोपळे साफ करणे, घासकाम, नंतर खुंट्या, भोके, जोडकाम, आणि बरीच वर्षे गेल्यावर, हात बसल्यावर, जवारी. हा क्रम कौशल्याचा तर आहेच. पण जो मुलगा कोणी पाहत नसताना भोपळ्याचा आतला भाग नीट साफ करतो तोच पुढे घोडीला कानस लावण्याच्या लायकीचा, अशी त्यामागची खूणगाठ असल्याशिवाय त्यातला संयम समजत नाही. घराण्याच्या नावावर वाद्य विकले जाते, आणि एका शागिर्दाची हयगय साऱ्या घराण्याच्या नावाला चिकटते, ही लौकिक भीतीही तितकीच खरी होती. परलोकातील हिशेब आणि बाजारातील अब्रू यांतील कोणते बळ अधिक, हे ठरवण्याच्या भानगडीत न पडणेच इतिहासकाराला शोभते.

येथे एक अडचणीचा मुद्दाही आहे आणि तो टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इस्लामी धर्मशास्त्रातील अनेक पंडितांनी तंतुवाद्यांना निषिद्ध किंवा निदान नापसंत ठरवले आहे. सूफी परंपरेतील अनेकांनी याउलट भूमिका घेतली आहे. त्यामुळे ज्या धंद्यातून मिरजेच्या मुस्लिम मुलांवर हलाल कमाईचे संस्कार झाले, तो धंदा स्वतःच काही धर्मपंडितांच्या दृष्टीने वादग्रस्त होता. मिरजेने या वादाचे उत्तर वादविवादाने दिले नाही. गावातील ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब यांच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी संगीतसेवा केली, १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातील प्रवासात त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे दफन याच दर्ग्याच्या परिसरात झाले आणि उरुसातील संगीत सभेची प्रथा पुढेही चालू राहिली. दर्ग्याच्या उरुसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चर्मकार समाजाकडून चढवला जातो, हीही या गावची रीत. कारागिराची कमाई शुद्ध आहे की नाही याचा निवाडा त्याने काय घडवले यावर करायचा की कसे घडवले यावर, या प्रश्नावर मिरजेने दुसऱ्या बाजूला कौल दिला, असे म्हणता येईल.

गिऱ्हाईक बहुधा हिंदू होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिष्य तयार करत होते, त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, पुढे ठिकठिकाणी संगीत विद्यालये निघाली आणि मध्यमवर्गीय घरांत तंबोरा व सतार यांची मागणी वाढली. तिचा मोठा लाभ मिरजेला झाला. भजनी मंडळाचा तंबोरा असो की दरबारी गवयाचा, तो घडवणारा हात शिकलगाराचा असे, आणि परधर्मीयाशी व्यवहार करतानाही तोच चोखपणा ठेवावा, हा संस्कार उपदेशाने जितका झाला नसता तितका रोजच्या देवघेवीने झाला.

याच काळात सरकारी शिक्षणाची वाट वेगळी होती. हंटर आयोगाने १८८२ मध्ये देशभरच्या शिक्षणाची पाहणी केली आणि मुसलमानांच्या मागासलेपणाचा स्वतंत्र विचार केला; मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये स्थापन केलेली अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था त्यापूर्वीच उभी राहिली होती. याच आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी पाठ्यक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि नीती यांना स्थान मागितले. फुल्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, सावित्रीबाई त्याच जिल्ह्यातील नायगावच्या, आणि शाळा सुटलेल्या लहानग्या जोतीरावांना पुन्हा शाळेत घालावे म्हणून त्यांच्या वडिलांची समजूत घालणाऱ्यांत फारसीचे जाणकार गफ्फार बेग मुन्शी होते. फुले स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांत असूनही त्यांच्या शिक्षणविचाराशी क्वचितच जोडली जाते. उद्योगातून आलेला पैसा आणि उद्योगातून आलेला आत्मविश्वास यांच्या बळावर जुन्या सत्तेशी भांडता येते, हे त्यांनी जगून दाखवले आणि त्यांच्या सत्यशोधक चळवळीने तेच पुढे नेले.

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी त्या वारशाला वसतिगृहाचे रूप दिले. जातवार वसतिगृहे काढण्याच्या त्यांच्या धोरणात १९०१ मध्ये मराठा वसतिगृह आले, जैनांचे आले, आणि १९०६ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन होऊन मुस्लिम मुलांच्या राहण्याची सोय झाली. खेड्यातील कारागिराच्या मुलाला शहरात छप्पर मिळाले. मात्र घरचा धंदा आणि शाळेचे शिक्षण यांची फारकतही येथूनच सुरू झाली, कारण वसतिगृहात राहून मॅट्रिक होणारा शिकलगाराचा मुलगा पुन्हा कानस हातात घेण्याची शक्यता कमी होती.

ही फारकत सांधण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न साताऱ्यात झाला आणि तो एका जैन शेतकरी कुटुंबातील माणसाने केला. भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोजला झाला. त्यांचे घर सांगली भागातील ऐतवडे बुद्रुकचे. कोल्हापुरात शिकताना ते शाहू महाराजांच्या सहवासात आले. त्यांच्या पुढील आयुष्यातील जो भाग शिक्षणाच्या इतिहासात घाईने उरकला जातो तो येथे महत्त्वाचा आहे : भाऊराव कित्येक वर्षे फिरते विक्रेते होते. औंध संस्थानच्या हद्दीत कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना आणि वसाहत उभारली आणि लोखंडी नांगर बनवले. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज असलेल्या त्या काळात हे नांगर गावोगाव विकणाऱ्यांत भाऊराव होते. कराडजवळच्या ओगलेवाडीचे काचकाम आणि साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना यांच्याशीही त्यांचा संबंध आला, आणि कूपर यांच्याशी मतभेद झाल्यावर ते त्या उद्योगातून बाहेर पडले. खेडोपाडी फिरून अविश्वासू गिऱ्हाइकाला नवी वस्तू पटवून देणे हे काम ज्याने केले, त्यानेच पुढे अविश्वासू पालकाला शाळा पटवून दिली.

तत्पूर्वी दूधगाव येथे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृहाचा एक प्रयोग झाला होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, काले आणि नेर्ले येथे वसतिगृहे निघाली, आणि १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्याला आले. साताऱ्याच्या वसतिगृहाला २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. मराठा, महार, मांग, जैन, मुस्लिम मुले तेथे एका पंगतीत जेवत. त्या काळाच्या साताऱ्यात ही गोष्ट किती दाहक होती याची कल्पना आज येणे कठीण आहे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले, १९३० मध्ये त्या वारल्या आणि त्यांच्या नावाने निघालेल्या पतपेढीने पुढे उच्च शिक्षणासाठी निघालेल्या मुलांना कर्ज देण्याचे काम केले.

‘कमवा आणि शिका’ ही योजना या वसतिगृहातून वाढली. मुलांनी माळरान फोडून शेत करायचे, भाजीपाला पिकवायचा, स्वयंपाक आणि झाडलोट पाळीपाळीने करायची, आणि या श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण घ्यायचे, असा तिचा गाभा होता; स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीदच ठरले. साताऱ्यात १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज याच तत्त्वावर निघाले. दान घेऊन शिकलेला मुलगा मिंधा राहतो आणि श्रम करून शिकलेला मुलगा ताठ राहतो, हे भाऊरावांचे सूत्र होते. इस्लामी परंपरेतील भिक्षेपेक्षा मोळी विकून जगणे श्रेष्ठ मानणाऱ्या शिकवणीशी ते सहज जुळते, पण साताऱ्यात त्याला कोणत्याही धर्मग्रंथाचा आधार दिला गेला नाही. शागिर्दाच्या मनात जी जागा हलाल कमाईची होती, तीच जागा वसतिगृहातील मुलाच्या मनात स्वावलंबनाने घेतली, आणि ती हिंदू, जैन, मुस्लिम अशा सर्व मुलांना सारखीच खुली होती. कोणत्याही एका धर्माचे शिक्षण न देता चारित्र्य घडवता येते, या दाव्याचा हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा प्रयोग होय. मुस्लिम समाज त्यात केवळ लाभार्थी म्हणून राहिला नाही, याची एक खूण साताऱ्यातच आहे : संस्थेच्या विधी महाविद्यालयाला इस्माईलसाहेब मुल्ला यांचे नाव आहे.

हा प्रयोग रुजल्यानंतर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या नेतृत्वाखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम, म्हणजे हस्तोद्योगाभोवती गुंफलेले मूलभूत शिक्षण, हा विचार पुढे आला. त्याची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे डॉ. झाकिर हुसेन. इस्लामी संस्कारांच्या पायावर उभ्या असलेल्या राष्ट्रीय विद्यापीठाचा प्रमुख सर्वधर्मीय मुलांसाठी सूतकताई-विणकामातून शिक्षणाची आखणी करतो, ही घटना मिरज आणि साताऱ्याच्या मधल्या पुलासारखी आहे. मुलांच्या मालाच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, ही त्या योजनेतील अपेक्षा मात्र टीकेला पात्र ठरली, आणि ती टीका वाजवी होती : मालाच्या विक्रीवर शाळा अवलंबून राहिली, की शिकणारा मुलगा हळूहळू मजूर होतो. मिरजेच्या कारखान्यालाही हा आक्षेप लागू पडतो. लहानपणीच कामाला बसलेला शागीर्द अनेकदा शाळेला मुकला, आणि घराण्याचे प्रेम हे त्याच्या अपुऱ्या मोबदल्याचे समर्थन होऊ शकत नाही.

दोन्ही रीतींच्या उणिवा एकमेकींच्या उलट आहेत. मिरजेने मुलाला कसब दिले, सचोटी दिली, संयम दिला, पण हिशेबाची वही, भांडवलाची उभारणी आणि दूरच्या बाजारपेठेशी थेट व्यवहार यांचे ज्ञान क्वचितच दिले. त्यामुळे मिरजेची सतार मुंबई-दिल्लीच्या दुकानात दुकानदाराच्या नावाने विकली गेली आणि घडवणारा अनामिक राहिला. साताऱ्याने मुलाला श्रमाची लाज सोडायला शिकवले, जात विसरायला शिकवले, अक्षरओळख आणि पदवी दिली. परंतु स्वतः नांगर विकत फिरलेल्या भाऊरावांच्या संस्थेतून बाहेर पडलेले विद्यार्थी प्रामुख्याने शिक्षक, वकील, सरकारी नोकर आणि राजकारणी झाले, उद्योजक फारसे झाले नाहीत. त्यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. शतकानुशतके लेखणीपासून दूर ठेवलेल्या समाजाला आधी लेखणीच हवी होती, आणि बहुजन समाजाच्या मुलाला मामलेदाराच्या खुर्चीत पाहण्याचे समाधान दुकानाच्या गल्ल्यावर मिळणारे नव्हते. तरीही ‘कमवा’ या शब्दातली कमाई माळ खणण्यापुरती राहिली आणि धंदा उभारण्यापर्यंत पोचली नाही, ही गोष्ट संस्थेच्या गौरवग्रंथांत सहसा लिहिली जात नाही.

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या नावाने माल विकण्याचा कायदेशीर हक्क, मिळाला. या नोंदणीसाठी कारागिरांना संघटना करावी लागली, कच्च्या मालापासून जवारीपर्यंतची पद्धत कागदावर उतरवावी लागली आणि आपल्या कामाचा इतिहास सरकारी अर्जाच्या भाषेत मांडावा लागला. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चाललेले शिक्षण असे प्रथमच दस्तऐवजाच्या रूपात आले, आणि ते आणण्यासाठी ज्या लिखापढीची गरज पडली ती कारखान्यात नव्हे, शाळेत मिळते. नोंदणीने नाव राखता येते, नकली मालाविरुद्ध दाद मागता येते. वाळलेल्या व न वाळलेल्या लाकडातला फरक मात्र अर्जातल्या कोणत्याही रकान्यात बसत नाही आणि तो अजूनही सतारमेकर गल्लीतच शिकावा लागतो. त्या गल्लीतील मुले आता शाळा-महाविद्यालयांत जातात, त्यांतली काही संगणकावर परदेशी गिऱ्हाइकांशी बोलतात, काही नोकरीच्या शोधात पुण्या-मुंबईला जातात, आणि भोपळा साफ करायला बसणाऱ्यांची संख्या घटते आहे, अशी तक्रार जुने कारागीर करतात.